दोन पाणी आणि अर्धं पाणी

आदरणीय कुओ-चेन दादांना, धाकट्या बहिणीचा नवरा देंग-शेंग याचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर हल्ली पूर्वीसारखी वाकत नाही, पण नमस्कारात कसर ठेवलेली नाही.) ताइपेईत तुमचं आणि वहिनींचं बरं चाललं असेल, तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल, अशी आशा करतो. रक्तदाबाची चौकशी या वेळी नुसती रीत म्हणून केलेली नाही. आजची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढचं वाचा. इकडे मेनोंगात हवा दमट आहे, पपनसं यंदा गोड निघाली आहेत, त्साई-युन ठीक आहे. बाबांच्या तब्येतीचं तुम्ही विचाराल. ते क्रमानेच सांगतो. शेवट आधी सांगितला तर मधलं तुम्ही वाचणार नाही, आणि मधलं आधी सांगितलं तर शेवटाला पोचण्याआधी गाडीची किल्ली शोधायला लागाल. तेव्हा कृपा करून बसूनच वाचा.

तुम्ही फोनवर काय बजावलंत ते मी विसरलेलो नाही. मध्य-शरदाच्या सणापर्यंत बाबा धड जेवायला लागले नाहीत, तर तुम्ही येऊन त्यांना ताइपेईच्या वृद्धाश्रमात नेणार. तिथे खाट सांगून ठेवली आहे, नर्स आहे, वेळ आली तर नळीने भरवतात. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. आई गेल्यापासून बाबांचं अन्न तुटत चाललं आहे आणि सदरा खुंटीवर टांगावा तसा त्यांच्या अंगावर दिसतो. पण त्या खाटेचं नाव निघालं की बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि तुमची बहीण स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेते. तिचं दुःख तुम्हाला फोनवर कळत नाही म्हणून लिहितो. देवळाजवळची आपली दोउहुआची गाडी तीच, सोयाबीन तेच, दळायचं जातं तेच, वरून घालायचा आल्याचा पाकसुद्धा आईच्याच प्रमाणाचा. सोयाचं दूध उकळून, जिप्समच्या पाण्यावर ओतून, दह्यासारखं थरथरतं बसवते ती, आणि गावातली माणसं वाडगे चाटूनपुसून खातात. बाबा मात्र रोज सकाळी एक चमचा तोंडात घेतात, जिभेवर फिरवतात आणि वाडगा सरकवतात. म्हणतात, "हे तिचं नाही." एवढंच. मग त्साई-युन मागच्या अंगणात जाऊन रडते, तोंड धुते, आणि पुढे येऊन गिऱ्हाइकांना हसत वाढते.

आता यात तुमचा वाटा किती ते सांगतो. (रागावू नका. अर्धा दोष मी माझ्याकडे ठेवला आहे. अर्धं या शब्दाशी या पत्रात आपली पुष्कळ गाठ पडणार आहे.) मागच्या नववर्षाला तुम्ही आलात, तेव्हा पावसामुळे तीन दिवस घरात अडकलात. रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर घरात अडकला की काय होतं ते आम्ही पाहिलं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या डब्यांवरची नावं काढून त्यावर सूत्रं चिकटवलीत. मिठावर NaCl. सोड्यावर NaHCO₃. साखरेवर एवढं लांबलचक प्रकरण की त्साई-युन त्या डब्याला अजून "मालगाडी" म्हणते. मी विचारलं, हे कशाला, तेव्हा तुम्ही म्हणालात की नावं फसवतात, सूत्र फसवत नाही. पदार्थात कोण कोण आहे आणि किती किती आहे, ते सगळं सूत्र सांगतं. मला ते फार पटलं होतं. त्साई-युनला मुळीच पटलं नाही. ती आजही डबा उघडून वास घेते, चिमूट जिभेवर टेकवते आणि तुमच्या सूत्राकडे ढुंकून पाहत नाही. घरात तुमचं शास्त्र मानणारा मी एकटा होतो, म्हणून संकटही माझ्या एकट्यावरच आलं.

त्यात डबे सगळे सारखे. आपल्याकडच्या दमट हवेत पावडरीचे गोळे होतात, म्हणून त्साई-युन माझ्या कामाचे जुने डबे स्वयंपाकात वापरते. त्यांची झाकणं घट्ट बसतात. कवळ्या बनवायचं काम मी सोडलं तरी सामान मागच्या खोलीत ठेवलं होतं. वादळात तिथलं छप्पर गळायला लागलं, तेव्हा उरलेला एक भरलेला डबा मी उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. त्यावरही तुमचं सूत्र होतंच, कारण तुमच्या तावडीतून माझी खोलीही सुटली नव्हती.

गेल्या आठवड्यात त्साई-युन मैत्रिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी पिंगतुंगला गेली. गाडी बंद ठेवायची, पण बाबांपुरता एक वाडगा रोज करायचा, असं मला सांगून गेली. सगळी कृती समजावली. जिप्सम कुठल्या डब्यात, तर म्हणाली, "पांढरं आहे बघा फळीवर." फळीवर सगळंच पांढरं! पण मी घाबरलो नाही. माझ्यापाशी शास्त्र होतं. चष्मा लावला, डबे एकेक करून वाचले, आणि CaSO₄ सापडल्यावर मला इतका आनंद झाला की तुम्ही समोर असतात तर तुमच्या पाया पडलो असतो. त्या चार अक्षरांपुढे एक टिंब होतं आणि टिंबापुढे आणखी काहीतरी होतं. ते मी वाचलं नाही. माणसाला हवं ते सापडलं की तो पुढे वाचत नाही. चमचाभर पावडर पाण्यात कालवली, वरून उकळतं दूध एका दमात ओतलं, झाकण घातलं. बाबा नेहमीप्रमाणे चुलीजवळच्या स्टुलावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. काही बोलले नाहीत.

बसलं मात्र काय सुरेख, दादा! चमच्याला कड धारदार येत होती आणि तोंडात टाकलं की विरघळत होतं. बाबांनी पहिला चमचा घेतला. जिभेवर फिरवला. मी वाडगा उचलायला हात पुढे केलाच होता, इतक्यात त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. सगळा वाडगा संपवला, पाकही प्याले, आणि वाडगा माझ्यापुढे धरून म्हणाले, "अजून दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी आल्याच्या वाफेवर ढकललं. दुसराही वाडगा गेला. मग ते अंगणात जाऊन लोंगानच्या झाडाखालच्या वेताच्या खुर्चीत टेकले आणि झोपले. मी विजयाच्या कैफात डबा जागेवर ठेवायला उचलला, आणि तेव्हा टिंबापुढचं वाचलं. CaSO₄·½H₂O. त्याखाली, कोपऱ्यात, खुद्द माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "कवळ्यांचं".

खऱ्या जिप्समचा डबा शेजारीच होता आणि त्यावर ·2H₂O लिहिलं होतं. डोकं एकच, शेपट्या वेगळ्या. मी सासऱ्याला दोन वाडगे दातांचं प्लास्टर चारलं होतं. ते काय चीज आहे हे मला तुमच्या सूत्रावरून कळायची गरज नाही. माझं आयुष्य त्यात गेलं आहे. पावडर पाण्यात कालवली की ती आधी दाटते, मग गरम होते, आणि मग दगड होते. त्या दगडावर हातोडा मारून मी कवळ्या सोडवल्या आहेत. आता तो दगड तुमच्या वडिलांच्या पोटात बसत होता, आणि वडील खुर्चीत तोंड उघडं टाकून निपचित पडले होते.

मी जवळ गेलो. श्वास चालू होता. प्लास्टर बसताना गरम होतं हे डोक्यात पक्कं, म्हणून हळूच त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट गरम लागलं! (पोट गरमच असतं हे मला आता कळतं. पण सासऱ्याच्या पोटाला मी आयुष्यात प्रथमच हात लावत होतो. नेहमी किती गरम असतं याचा अंदाज कुठून असणार?) बाबांनी एक डोळा उघडला.

"काय रे?"

"डास होता, बाबा."

"मग मार ना. कुरवाळतोस काय त्याला?"

ते पुन्हा झोपले. मी डबे घेऊन पायरीवर बसलो आणि पेन्सिलीने गणित मांडलं, कारण देवाला हाक मारायची तर आधी त्याला नेमकं काय झालं ते सांगता आलं पाहिजे. पहिली अडचण अर्ध्या पाण्याची. पाण्याचा रेणू अर्धा कसा असेल? अर्धा केला तर तो पाणी राहतो का? मग तुमचं बोलणं आठवलं: सूत्र प्रमाण सांगतं. म्हणजे दोन प्लास्टरांमागे एक पाणी, दोन भावांत मिळून एकच चांगला सदरा असावा तसं. आणि जिप्समला प्रत्येकी दोन-दोन. वजनात मांडलं तर शंभर ग्रॅम जिप्सममध्ये एकवीस ग्रॅम पाणी, प्लास्टरमध्ये जेमतेम सहा. तेव्हा प्लास्टर जन्माचं तहानलेलं. राहिलेलं दीड पाणी मिळेल तिथून ओढून घेणार आणि दगड होणार. ते पाणी बाबांच्या आतड्यांतून ओढणार हे मला स्पष्ट दिसायला लागलं. दादा, अज्ञानात निदान झोप लागते. अर्धवट शास्त्राने मी घामाने भिजलो.

तुम्हाला फोन का केला नाही, असं विचाराल. केला असता तर तुम्ही दुपारच्या आत वृद्धाश्रमाची गाडी घेऊन दारात उभे राहिला असतात, आणि बाबा जगले असते तरी घरी राहिले नसते. म्हणून मी शेजारच्या बाईंना बाबांकडे बघत बसायला सांगितलं (कशासाठी ते सांगितलं नाही, "दगडासारखे झाले तर हाक मारा" एवढंच म्हणालो, त्या घाबरून तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत) आणि वूकाकूंच्या जडीबुटीच्या दुकानात धावलो. जिप्सम त्यांच्याकडे ताप उतरवायला मिळतं, हे मला ठाऊक होतं. वूकाकू काट्यावर मुळ्या तोलत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जिप्सम पोटात गेलं तर?

"कच्चं पोटात, भाजलेलं जखमेवर," काकू तोलत तोलत म्हणाल्या. "लहान पोरालाही ठाऊक असतं."

"आणि भाजलेलं पोटात गेलं तर?" (प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्समच.)

काकूंनी काटा खाली ठेवला. "कुणाच्या?"

मी म्हटलं, एका ओळखीच्याच्या. काकू म्हणाल्या, "मग ओळख काढून टाक." आमच्या दुकानात तीन पिढ्या झाल्या, भाजलेलं कुणाला गिळायला दिलेलं नाही, हेही वर सांगितलं. आगीतून उठून फुफाट्यात पडणं ते हेच.

तिथून डॉक्टर चुंगना फोन लावला. ज्यांच्यासाठी मी कवळ्या करत असे तेच हे दंतवैद्य, आता म्हातारे आणि पूर्वीपेक्षा तिरसट. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशात कालवलंस?" पाण्यात. "वर काय ओतलंस?" सोयाचं दूध. "किती?" अर्धं पातेलं. "मग अरे शहाण्या, त्या अर्ध्या पातेल्यात त्याला दीड पाणी मिळालं नसेल का? त्याची तहान तिथेच भागली. तुझ्या सासऱ्याने खाल्लं ते साधं जिप्सम. दगड व्हायला पावडर जास्त आणि पाणी कमी लागतं, हे तुला मी सांगायचं? पूर्वी आम्ही तोंडात प्लास्टर भरून ठसे घ्यायचो. निम्मं गाव ते गिळून अजून हिंडतंय." मी तिथल्या तिथे रस्त्याकडेला बसलो. पण त्यांचं संपलं नव्हतं. कारखान्याच्या प्लास्टरमध्ये आणखी काय काय मिसळलेलं असतं ते खाण्यासाठी नसतं, डबा आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ, म्हाताऱ्यावर दिवसभर लक्ष ठेव, पोट दुखलं किंवा ओकले तर थेट दवाखाना, आणि यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस, असं त्यांनी मला शिष्य असताना झापायचे त्याच आवाजात सुनावलं.

घरी आलो तर खुर्ची रिकामी. शेजारीण नाही, काठी नाही, बाबा नाहीत. दवाखान्यात नेलं असणार, असं वाटून माझ्या पाचावर धारण बसली. बाबा, बाबा, करत आत गेलो, तर बाबा स्वयंपाकघरात पातेल्याच्या तळाशी चिकटलेलं खरवडून खात होते. मला पाहून म्हणाले, "आज तिच्या हातचं झालं. काय केलंस?" दूध जरा जास्त उकळलं, असं काहीतरी बोललो. दिवसभर मी त्यांच्या मागे हिंडत राहिलो, अगदी परसाकडेपर्यंत, आणि शेवटी त्यांनी काठी उगारली तेव्हा माझी खात्री पटली की तब्येत उत्तम आहे.

दुसऱ्या दिवशी ओळखीचा जिवंत आहे हे वूकाकूंना सांगायला गेलो. (त्यांनी एव्हाना अर्ध्या बाजाराला ओळखीचा कोण ते सांगितलंच होतं.) त्या म्हणाल्या, "आमचं शास्त्र खोटं नाही, पण तुझ्या सासूने ते कधी ऐकलं? माझ्याकडून कच्चे खडे न्यायची, घरी कुटून कढईत भाजायची आणि त्याचाच दोउहुआ करायची. जुने लोक असंच करत." मी तिथेच उभा राहिलो. दादा, तुम्हाला सूत्र सांगायची गरज नाही. कढईत दीड पाणी उडून जातं आणि अर्धं उरतं. आई रोज सकाळी जे घालायची ते माझ्या डब्यातलंच होतं. आणि ती गेल्यापासून त्साई-युन दुकानातलं तयार पाकीट आणते, दोन पाण्यांचं. ते हळू विरघळतं, हळू बसतं, आणि ज्याने जन्मभर दुसरं खाल्लं त्याच्या जिभेला कळतं. बाबा हट्ट करत नव्हते. तुमची बहीण उगाच स्वतःला दोष देऊन रडत होती.

त्साई-युन परत आली. प्लास्टरचं मी तिला सांगितलं नाही. आई भाजायची एवढंच वूकाकूंच्या नावावर सांगितलं. पाकिटातल्या पावडरीचा वाडगा बाबांनी पुन्हा सरकवला. तेव्हा आम्ही भाजायला घेतलं. मी शास्त्रानेच गेलो: शंभर ग्रॅम जिप्समचं दीड पाणी गेलं की चौऱ्याऐंशी उरायला हवेत. कढई काट्यावर ठेवून तोलत राहिलो आणि चौऱ्याऐंशी येताच उतरवलं. दोउहुआ पाकिटासारखाच झाला. मग त्साई-युनने माझ्या मिशा, भुवया आणि खिडकीची चौकट दाखवली. ढवळताना उडालेली पावडर मी पाणी म्हणून धरली होती. दुसऱ्यांदा चिडून खूप भाजलं, तर पाण्याचा शेवटचा थेंबही गेला आणि पावडर मेली. दूध संध्याकाळपर्यंत दूधच राहिलं. बाबा स्टुलावर बसून हे सगळं बघतात आणि जेवत नाहीत. सण जवळ आला आहे. तर बाबांची तब्येत ही अशी आहे. वहिनींना नमस्कार सांगावा. चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुमचा आज्ञाधारक
देंग-शेंग

ता. क. मूळ मुद्दा राहिला. काल बाबा म्हणाले, आई भाजताना मुलीला विस्तवाजवळ येऊ देत नसे, पण मुलाला मात्र शेजारी बसवून कढई ढवळायला लावी. म्हणजे कुठल्या क्षणी उतरवायची हे पाहिलेला माणूस जगात एकच उरला आहे आणि तो ताइपेईत खाटा सांगत बसला आहे. दादा, ती खाट सध्या राहू द्या. गाडी काढाच, पण बाबांना न्यायला नको. येऊन चुलीशी उभे राहा.

आ. ता. क. प्लास्टरचं त्साई-युनला कळू देऊ नका, एवढी हात जोडून विनंती.

दादा, मी त्साई-युन. हे पत्र पाकिटात घालून तांदळाच्या पिंपावर ठेवलं होतं. आपल्या घरात तांदूळ कोण काढतं हे यांना अजून माहीत नाही. यांच्याशी काय बोलायचं ते मी बोलले आहे, आता हे मागच्या खोलीत छप्पर दुरुस्त करत आहेत. मी पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, लिही. तर पुढचं बाबा सांगतात तसं लिहिते आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

कुओ-चेन, जावयाला वाटतं मला काही ठाऊक नव्हतं. मी स्टुलावरच होतो. कवळ्यांच्या डब्यातून घेताना मी त्याला पाहिलं. हाक मारून थांबवता आलं असतं. मनात आलं, बरं झालं, सुटलो. तुझ्या त्या खाटेपेक्षा हे परवडलं, आता तुझ्या आईकडे जाऊ. म्हणून पहिला घास घेतला. आणि लेका, ती तिथे नव्हतीच, ती त्या वाडग्यात होती. मग दुसरा वाडगा मागितला. मला आता कुठे जायची घाई नाही. तू मात्र घाई कर, मला भूक लागली आहे.